आठ-बाराची इल्डिको

सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी शेजारच्या घराचं फाटक वाजायचं. आठ-दहा नाही, सव्वाआठ नाही. म्हैसूरला येऊन मला तीन आठवडे झाले होते. दिवसभर करण्यासारखं काही नसल्यामुळे मी खिडकीतून रस्ता बघत बसायची, तेव्हा हे लक्षात आलं. फाटकातून एक उंच, दणकट बांध्याची गोरी बाई बाहेर पडायची. फिकट पिवळे केस मानेवर घट्ट बांधलेले, अंगात सुती कुडता, पायात जाडजूड बूट, खांद्याला कापडी पिशवी. ती आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि चालू लागायची.

मी सांगलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं काम केलं होतं. मिलिंदला नंजनगूडच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागाचा प्रमुख म्हणून बोलावणं आलं, आणि 'तुला काय, तिथंही मिळेल काहीतरी' या त्याच्या वाक्यावर मी राजीनामा दिला. कन्नडचं एक अक्षर न येणाऱ्या ग्रंथपालाला म्हैसुरात कोण विचारणार? साडेसातला मिलिंदची गाडी गेली की संध्याकाळी सातपर्यंत घरात मी आणि टीव्ही.

आमच्या घरमालकीण इंदूअक्का खालच्या मजल्यावर राहायच्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या म्हैसुरात गेलेल्या, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. त्या बाईबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "अय्यो, ती होय! हंगेरीची आहे. पाप!"

मी दचकले. हिनं काय पाप केलंय? मग कळलं, कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे 'बिचारी'. नवरा आमच्या मिलिंदच्याच कारखान्यात मोठा इंजिनियर. ती त्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तिला इथं नोकरी करता येत नाही. मूलबाळ नाही. "मत्ते काय करायचं तिनं? म्हणून चालत असती, सुम्ने." मत्ते म्हणजे मग, सुम्ने म्हणजे उगीच.

उगीच मात्र ती काहीच करत नसे.

आमची ओळख इंदूअक्कांच्या ओट्यावर झाली. तिचं नाव इल्डिको. निघताना आपण म्हणतो तसं मी इंग्रजीत म्हटलं, "कधीतरी या ना घरी."

"एष्टु गंटेगे?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. किती वाजता? हे तिचं पहिलं शिकलेलं कन्नड वाक्य होतं, आणि आवडतंही. मला वाटलं थट्टा करतेय. पण तिनं पिशवीतून छोटी डायरी काढली होती आणि पेन्सिल धरून माझ्याकडे बघत उभी होती.

"उद्या... चार?"

"चारला टेलरकडे जायचंय. चार चाळीस."

दुसऱ्या दिवशी चार चाळीसला बेल वाजली. इल्डिको आत आली, बूट दाराशी काढून एका रेषेत ठेवले आणि खुर्चीवर बसून म्हणाली, "मी सतरा वर्षं ट्राम चालवत होते."

गावाकडे, म्हणजे हंगेरीतल्या तिच्या शहरात, तिची नोकरी अजून राखून ठेवलेली होती. तिथल्या ट्रामवाल्यांनी तिला तीन वर्षांची बिनपगारी रजा दिली होती. नवऱ्याचं, आंद्राशचं, इथलं काम दोन वर्षांचं होतं. ते एका वर्षानं वाढलं, कारण कंपनी त्याला सोडेना. "अजून एकच वर्ष," ती म्हणाली आणि बोट वर केलं.

पहिले सहा महिने कसे गेले ते तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. ती अकरापर्यंत झोपायची, छतावरच्या पाली बघत बिस्किटं खायची. बहिणीला इतके फोन केले की बहीण उचलेनाशी झाली. एके दिवशी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. तेव्हा लक्षात आलं, आज दिवसभरात आपण एकही शब्द बोललेलो नाही. त्या संध्याकाळी तिनं बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि वेळापत्रक लिहिलं.

"रिकामा दिवस मोठा नसतो," ती म्हणाली. "त्याला स्टॉप नसतात, म्हणून उतरता येत नाही."

तो पुठ्ठा मी पुढे पाहिला. तिच्या फ्रीजवर चिकटवलेला होता. आठ बारा, चालत बाजार. नऊ पाच, भाजीवालीकडून रोज पाच नवे कन्नड शब्द. अकरा, दुरुस्ती. छत्री, मिक्सरचं झाकण, शेजारणीच्या बॅगेची चेन, जे हाती लागेल ते. मंगळवारी बस. गुरुवारी पत्रं. आणि शुक्रवारी तीन ते चार या चौकटीत एकच शब्द होता. त्याचा अर्थ मी विचारला.

"कंटाळा."

"म्हणजे?"

"त्या तासात मी खुर्चीत बसते आणि कंटाळते. पुस्तक नाही, फोन नाही. त्याला त्याची वेळ दिली की तो बाकीच्या दिवसांत घुसत नाही."

मला हसू आलं. ती हसली नाही. पुढच्या शुक्रवारी तिनं मला बोलावलं आणि आम्ही दोघी तीन ते चार समोरासमोर बसून कंटाळलो. चार वाजता ती उठली, कॉफी केली, आणि सांगलीहून आल्यापासून पहिल्यांदा मला दिवस संपू नये असं वाटलं.

मंगळवारची बस म्हणजे सिटी बस स्टँडवरून सुटणारी कुठलीही बस घ्यायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं. म्हैसूरची एकेक लाइन तिनं अशी संपवत आणली होती. ती नेहमी पुढे, ड्रायव्हर दिसेल अशा जागी बसायची. मी सोबत जाऊ लागल्यावर कळलं की अर्धे ड्रायव्हर तिला ओळखतात. एकदा एका बसचा ब्रेक लागताना कसलातरी बारीक आवाज आला. मला तो ऐकूही आला नव्हता. इल्डिको उठली आणि ड्रायव्हरला कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, ब्रेक रडतोय." ड्रायव्हर हसला, मागचे लोकही हसले. शेवटच्या स्टॉपवर ती उतरली नाही. हाताची घडी घालून उभी राहिली. शेवटी त्यानं डेपोला फोन केला, मेकॅनिक आला, चाकाखाली वाकला, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्यानंतर त्या लाइनवर तिचं नाव 'ड्रायव्हरम्मा' पडलं. परतताना दुसऱ्या बसमध्ये ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हात मांडीवर होते आणि उजव्या हाताची मूठ एखादा दांडा धरल्यासारखी मिटलेली. मला कळेना, एवढं कौतुक झालं तरी ही गप्प का? आता कळतं.

माझं कन्नड तिनं सुधारलं. सांगलीची मराठी बाई हंगेरियन बाईकडून कन्नड शिकते, याचं भाजीवालीला फार नवल. वर्षभरात मी इतपत बोलू लागले की जवळच्या एका शाळेच्या ग्रंथालयात मला अर्धवेळ काम मिळालं. मुलाखतीच्या दिवशी इल्डिको शाळेच्या फाटकाबाहेर थांबली होती. काम मिळालं म्हटल्यावर तिनं मला रस्त्यात उचलून घेतलं. अक्षरशः उचलून.

त्याच सुमाराला इंदूअक्का न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. त्या चालेनात. मुलगी बेंगळुरूहून येऊन रडून गेली, तरी पलंग सोडेनात. मग इल्डिकोनं खडू आणला. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर चार रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेपाशी इंदूअक्कांना विचारून एकेका स्टॉपचं नाव लिहिलं. पलंग म्हणजे रेल्वे स्टेशन. मग अग्रहार, मग चामुंडीपुरम, आणि शेवटी गॅसच्या शेगडीपाशी देवराज मार्केट. पहिल्या दिवशी अक्का अग्रहाराला उतरल्या. "सुम्ने त्रास देती ही," असं म्हणत परत फिरल्या. आठव्या दिवशी त्यांनी चामुंडीपुरमला थांबायला नकार दिला. "बस पुढे जाऊ दे ग, मला मार्केटात काम आहे." शेगडी गाठली आणि तिथंच उभ्या राहून स्वतःच्या हातानं फोडणी केली. इल्डिको मागे दोन्ही हात पसरून उभी होती, पण तिनं त्यांना स्पर्श केला नाही.

अशा बाईच्या घराचं फाटक ऑगस्टमधल्या एका सकाळी आठ बाराला वाजलं नाही. साडेआठला मी गेले. ती स्वयंपाकघरात बसली होती, समोर पत्र. ट्रामवाल्यांनी कळवलं होतं की रजा संपत आली. दोन महिन्यांत हजर झालात तर जागा तुमची, नाहीतर दुसऱ्याला देऊ.

"मग जा ना," मी म्हटलं.

"आंद्राशला कंपनी सोडत नाही. त्यानं खूप सांगून पाहिलं. मार्चमध्ये नक्की सोडतील म्हणतो." ती पत्राच्या घडीवरून नख फिरवत होती. "तो इथं अडकलाय. त्याला एकट्याला टाकून मी कशी जाऊ? ट्राम काय, परत अर्ज करता येईल."

मी घरी आले. शनिवार होता, मिलिंद घरी होता. जेवताना त्याला सांगितलं आणि वर म्हटलं, "काय माणसं आहात रे तुम्ही. सोडा की त्या आंद्राशला."

मिलिंदनं घास हातात धरला. "आम्ही? अगं, तो स्वतः लिहून देतो. मागच्या वर्षी त्याच्या जागी माणूससुद्धा ठरला होता. यानंच साहेबांना पत्र दिलं, मला अजून राहू द्या म्हणून. यंदाचंही पत्र माझ्याच फायलीत आहे."

"पण ती तर म्हणते..."

"ती काय म्हणते ते तिच्या घरातलं. तू बोलू नकोस हं. माझ्या टेबलावरचा कागद आहे तो. उद्या तो विचारील, बायकोला कुणी सांगितलं, तर मी काय उत्तर देऊ?"

आंद्राश वाईट माणूस नव्हता. हळू बोलायचा, दिसलं की नमस्कार करायचा. गावाकडे तो दोनशे इंजिनियरांतला एक होता. इथं त्याला गाडी होती, ड्रायव्हर होता, वीस माणसं त्याला सर म्हणत होती. हे सगळं मी नंतर जुळवलं. तेव्हा मी एवढंच केलं की भात कालवला आणि जेवले.

मुदत संपायला अजून दोन महिने होते. ती मुदत मला पाठ होती. मी दोनदा सांगायला गेले. एकदा नंजनगूडच्या देवळामागे आम्ही नदीच्या पायऱ्यांवर केळी खात बसलो होतो. मी म्हटलं, "इल्डिको, एक सांगायचंय." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शाळेत मला पूर्ण वेळ घेणार आहेत बहुतेक." तिनं पाठीवर थाप मारली. दोन महिने संपले. तिची ट्राम दुसऱ्या कुणाला मिळाली. ती त्या दिवशीही आठ बाराला निघाली.

मग मार्च आला. आंद्राशनं तिला सांगितलं की कंपनीनं पुन्हा गयावया केली, अजून एकच वर्ष. ती मला सांगायला आली तेव्हा मी कॉफी करत होते. तिच्याकडे पाठ करून, दूध ओतता ओतता मी म्हणाले, "काय कंपनी आहे!"

गप्प राहणं एकवेळ समजून घेता येईल. हे वाक्य मात्र मला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. मिलिंदनंही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, कारखान्यात घरच्या माणसांना बोलावतात. यंत्रांना झेंडूच्या माळा, दाराशी कोहळा फोडलेला, कागदाच्या द्रोणात चुरमुरे आणि बुंदी. इल्डिको पिवळी साडी नेसून आली होती. इंदूअक्कांनी नेसवलेली. नवे मोठे साहेब चार महिन्यांपूर्वीच आलेले. माणूस उमदा, सगळ्यांचं कौतुक करत फिरत होता. आंद्राशच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माइकवरच सांगितलं, "या माणसाचं म्हैसूरवरचं प्रेम बघा. कंपनीनं तीनदा विचारलं, घरी परत जायचंय का? तीनदा यानं लिहून दिलं, नको, मला इथंच राहू द्या! आमच्यातसुद्धा असे किती असतील?"

टाळ्या वाजल्या. साहेब इंग्रजीत बोलले होते, समजायला अवघड काहीच नव्हतं. इल्डिकोच्या हातात द्रोण होता. तो तिनं सांडला नाही, पाडला नाही. आंद्राश खाली बघत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं मिलिंदकडे पाहिलं, कारण असे कागद कुणाकडे असतात ते तिला माहीत होतं. आणि मग माझ्याकडे. मी चुरमुऱ्यांतला शेंगदाणा शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली, पहिल्यांदाच वेळ न ठरवता. दसऱ्याची दुपार. रस्त्यावर मिरवणुकीला जाणाऱ्यांची गर्दी होती. मिलिंदला तिनं दारातच बाहेर जायला सांगितलं आणि तो गेला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"तुझं पत्र आलं त्या दिवसापासून."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे माझी जागा होती तेव्हा."

"हो."

"चौदा महिने."

मी मिलिंदच्या नोकरीचं सांगितलं. त्याची फाईल, त्याचा शब्द. तिनं ऐकून घेतलं आणि थांबली. ती माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती, आणि ते आहे हे तिला कळलं होतं.

"आणि तू गेली असतीस तर मी इथं एकटी पडले असते," मी म्हणाले.

इल्डिकोनं मान हलवली. "काल आंद्राशही हेच म्हणाला. शब्दसुद्धा हेच."

मी रडू लागले. ती रडली नाही. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मला वाटायचं, मी किती हुशार आहे. चार वर्षं मी दिवस भरत होते, एकेक करून. आणि तुम्ही दोघं मला नवे रिकामे दिवस आणून देत होता."

मग ती उठून खाली इंदूअक्कांकडे गेली. तिथं खूप वेळ होती. अक्का काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलायच्या. परक्या माणसाशी बोलावं तसं.

नऊ दिवसांनी इल्डिको गेली. एकटीच. तिथं गेल्यावर काय करणार, ट्राममध्ये पुन्हा घेतील का, हे मी विचारायच्या स्थितीत नव्हते. आंद्राशनं गाडी देऊ केली, ती तिनं नाकारली. म्हैसूरहून विमानतळाला जाणारी बस असते, तिनं ती घेतली. मला येऊ नकोस असंही ती म्हणाली नव्हती. मी आले तर काय, नाही आले तर काय, असं होतं ते.

मी गेले. बस लागलेली होती, ती खिडकीशी बसली होती. मला पाहिल्यावर ती उठली आणि खाली उतरली. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल. शिवी दिली तरी चालेल, असं वाटलं. तिनं पिशवीत हात घालून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"त्याला दे," ती म्हणाली. मग माझ्या डोळ्यांत बघून, इंदूअक्कांकडून उचललेल्या मराठीत, "आज दे. आजच."

"काही सांगू त्याला?"

ती नाही म्हणाली आणि वर चढली.

तिच्या शेजारच्या सीटवर एक बाई लहान बाळाला घेऊन बसली होती. बाळानं इल्डिकोच्या केसांना हात घातला आणि सोडीना. बाईला संकोचल्यासारखं झालं. इल्डिकोनं मान खाली वाकवली, म्हणजे त्याला नीट धरता येईल, आणि हसली. मोठ्यानं, काचेतून ऐकू येईल इतकं. बस हलली. मी हात वर धरून उभी होते. तिनं बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याला दुसऱ्या बाजूच्या खिडकीतलं काहीतरी दाखवत होती. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत तिनं इकडं पाहिलं नाही.